मशीन क्विल्टिंग शिकताना : हाताचा वेग, मशीनचा वेग आणि क्विल्टची मागची बाजू

मूळ लेखन

आपल्या समूहात हाताने क्विल्ट शिवणारे अनेक सदस्य आता मशीनवर क्विल्टिंग करू पाहत आहेत आणि त्यांचे प्रश्न वेगवेगळ्या चर्चांमध्ये विखुरलेले आहेत. कोणाचा दोरा खाली गोळा होतो, कोणाच्या अस्तराला चुण्या पडतात, तर कोणाचे टाके वळणावर लांब होतात. हे प्रश्न निराळे दिसले तरी त्यांचे मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडते, असे माझे मत आहे, आणि म्हणून त्यांची चर्चा एकत्र व्हावी यासाठी हा धागा काढत आहे. अनुभवी सदस्यांनी भर घालावी, नव्या सदस्यांनी निःसंकोचपणे विचारावे आणि शक्य असेल तेव्हा आपल्या नमुन्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो द्यावेत. मागच्या बाजूचा फोटो मी मुद्दाम मागते आहे.

क्विल्ट म्हणजे गोधडीसारखे पांघरूण, आणि त्याचे तीन थर असतात : तुकडे जोडून तयार केलेला वरचा टॉप, मधली बॅटिंग म्हणजे भरावाचा थर आणि खालचे अस्तर. हे तिन्ही थर एकमेकांना धरून ठेवणारी शिलाई म्हणजे क्विल्टिंग. साध्या शिलाईत मशीनचे दाते खालचे कापड पुढे सरकवतात आणि वरच्या कापडाला फूट, म्हणजे सुईजवळची दाबपट्टी, फक्त दाबून धरते. दोन पातळ कापडे असतील तर दोन्ही जवळपास सारखीच सरकतात. तीन थर असले, आणि त्यातला मधला फुगीर असला, की अस्तर पुढे जाते, टॉप मागे रेंगाळतो आणि हा फरक साचत साचत ओळीच्या शेवटी चुणी होऊन दिसतो. मशीन क्विल्टिंगमधली दोन्ही प्रमुख साधने या एका अडचणीवरचे उपाय आहेत.

पहिले साधन म्हणजे वॉकिंग फूट. या फुटाला स्वतःचे दाते असतात आणि त्याची एक भुजा सुईच्या स्क्रूवर बसते, त्यामुळे सुईच्या वर-खाली होण्याबरोबर ते वरचे कापडही खालच्याइतकेच पुढे नेते. सरळ ओळी, मोठी सौम्य वळणे आणि शिवणीलगतची शिलाई यांसाठी ते उत्तम आहे. टाक्याची लांबी अडीच ते तीन मिलिमीटर ठेवावी, कारण नेहमीचा बारीक टाका तीन थरांत बुडून जातो आणि रेघ आखडलेली दिसते. माझे स्पष्ट मत आहे की प्रत्येकाने आपला पहिला संपूर्ण क्विल्ट वॉकिंग फुटाने सरळ ओळींत पूर्ण करावा. थर टाचणे, वजन सांभाळणे आणि मध्यापासून कडेकडे जाणे ही सगळी शिस्त त्यात येते, आणि टाक्याच्या लांबीची काळजी मशीन घेते.

दुसरे साधन म्हणजे फ्री मोशन. यात दाते खाली घेतले जातात किंवा पट्टीने झाकले जातात, कापड मोकळे फिरू देणारे डार्निंग फूट लावले जाते आणि कापड हाताने हव्या त्या दिशेला फिरवले जाते. लेखणी एका जागी स्थिर धरून तिच्याखाली कागद फिरवत अक्षर काढावे, तसे हे काम आहे. येथे टाक्याची लांबी ठरवणारे बटण निरुपयोगी होते. ती लांबी आता दोन वेगांच्या प्रमाणावर ठरते. समजा, मशीन मिनिटाला ६०० टाके घालत आहे, म्हणजे सेकंदाला १०. हात सेकंदाला एक इंच सरकला, तर इंचाला १० टाके पडतील आणि प्रत्येक टाका साधारण अडीच मिलिमीटरचा होईल. त्याच वेगात हात सेकंदाला दोन इंच गेला, तर टाका पाच मिलिमीटरचा होईल; आणि हात थबकला, तर एकाच जागी टाक्यांची गाठ जमेल. फ्री मोशनचे बहुतेक दोष या हिशेबातून समजतात. नवशिक्यांचे लक्ष नक्षीकडे असते, परंतु शिकण्याची खरी गोष्ट हे प्रमाण आहे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, दोनपैकी एक वेग बांधून टाकावा. तुमच्या मशीनवर वेग मर्यादित करणारी कळ असेल तर ती मध्यावर ठेवा आणि पेडल पूर्ण दाबा. तशी कळ नसेल तर पेडल एकाच ठिकाणी धरून मोटारचा आवाज ऐका आणि तो चढउतार न होता एकसारखा राहील असे बघा. त्यानंतर फक्त हात सुधारायचे उरतात. भीती वाटली की पाय आपोआप सैल होतो, पण हात मात्र आधीच्याच गतीने पुढे जातात, आणि नेमक्या त्या ठिकाणी टाके लांबतात.

दुसरी सूचना मागच्या बाजूबद्दल आहे. आपल्या मशीनचा टाका लॉकस्टिच असतो. वरचा दोरा आणि खालच्या रिळाचा, म्हणजे बॉबिनचा, दोरा एकमेकांत अडकतात आणि ही अडकण बॅटिंगच्या आत, दोन्ही पृष्ठभागांपासून दूर व्हायला हवी. वरून रेघ सुरेख दिसत असतानाही खाली दोरा सैल लोंबत असू शकतो. अस्तरावर बॉबिनचा दोरा तारेसारखा सरळ ताणलेला दिसला आणि त्यावर वरच्या दोऱ्याचे ठिपके आले, तर वरचे टेन्शन, म्हणजे वरच्या दोऱ्यावरचा ताण, सैल आहे. टॉपवर बॉबिनचा रंग डोकावला, तर ते जास्त घट्ट आहे. खाली दोऱ्याचे मोठे जाळेच झाले, तर टेन्शनचा आकडा बदलत बसू नका. बहुधा दोरा टेन्शनच्या तबकड्यांमध्ये बसलेलाच नसतो किंवा फूट खाली करायचे राहिलेले असते. मशीनमध्ये दोरा ओवताना फूट वर उचललेले असावे, कारण फूट खाली असताना त्या तबकड्या मिटलेल्या असतात. कोणतेही काम सुरू करताना त्याच कापडाच्या, त्याच बॅटिंगच्या आणि त्याच दोऱ्याच्या लहान नमुन्यावर काही इंच शिवा, उलटून बघा आणि मगच क्विल्टला हात लावा.

आता तुमचे प्रश्न आणि अनुभव येऊ द्यात.

प्रतिसाद १

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी या समूहात नवी आहे आणि वॉकिंग फुटाने सरळ ओळी शिवण्याइतपत आत्मविश्वास मला आला आहे. फ्री मोशनमध्ये मात्र एकच दोष पुन्हा पुन्हा दिसतो. सरळ भागात मागची बाजू स्वच्छ असते, पण प्रत्येक वळणावर अस्तराला दोऱ्याचे लहान लहान फासे दिसतात, पापण्यांच्या केसांसारखे बाहेर आलेले. वरचे टेन्शन घट्ट करून पाहिले, तर वळणावरचे फासे थोडे कमी झाले, पण सरळ भागात बॉबिनचा दोरा वर येऊ लागला. आता नेमके काय बदलावे हे समजत नाही.

प्रतिसाद २

तुमचे वर्णन इतके नेमके आहे की त्यातच उत्तर दडलेले आहे. टेन्शन चुकीचे असते तर दोष सरळ भागातही दिसला असता. तो फक्त वळणावर दिसतो, म्हणजे वळणावर हाताचा वेग वाढतो आहे. वळण आले की आपल्याला ते लवकर पार करावेसे वाटते आणि हात झटक्याने फिरतात. त्या क्षणी सुई कापडात रुतलेली असतानाच कापड ओढले जाते, सुई किंचित वाकते आणि दोरा वळणाच्या आतल्या बाजूला खेचला जाऊन टाका नीट आवळला जात नाही. म्हणून टेन्शन पूर्ववत ठेवा आणि वळणावर हात जाणीवपूर्वक हळू करा, परंतु पाय सैल करू नका.

याच्या जोडीला सुई बदलून पाहा. पाकिटावर ७५/११ किंवा ९०/१४ असे दोन आकडे असतात. पहिला आकडा सुईची जाडी सांगतो, म्हणजे ९० क्रमांकाची सुई ०.९ मिलिमीटर जाडीची असते. फ्री मोशनमध्ये सुईवर बाजूने ओढ येत असल्यामुळे थोडी जाड सुई कमी वाकते. मी ९०/१४ ची टॉपस्टिच सुई सुचवेन, कारण तिचे नेढे मोठे आणि मागची खाच खोल असते, त्यामुळे दोरा कमी घासला जातो. सुई मोडेपर्यंत वापरण्याची आपल्याकडे अनेकांची सवय आहे, परंतु क्विल्टिंगमध्ये सुमारे आठ तासांच्या शिलाईनंतर ती बदललेली बरी. बोथट सुई कापडाला भोसकते तेव्हा टप-टप असा आवाज येतो. तो आवाज एकदा ओळखीचा झाला की तासांचा हिशेब ठेवावा लागत नाही.

प्रतिसाद ३

दोऱ्याबद्दल थोडी भर घालतो. क्विल्टिंगच्या दोऱ्याच्या रिळावर ४० किंवा ५० असा आकडा असतो आणि आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक असतो. ५० चा सुती दोरा टॉपमध्ये मिसळून जातो आणि लहानसहान चुका फारशा दिसत नाहीत, तर ४० चा दोरा ठळक रेघ देतो. हाताच्या क्विल्टिंगसाठी मिळणारा खळ किंवा मेणासारखा लेप दिलेला दोरा मशीनमध्ये वापरू नये. तो लेप टेन्शनच्या तबकड्यांवर साचतो. शिकत असताना वर आणि खाली वेगवेगळ्या रंगांचे दोरे लावावेत, म्हणजे कोणता दोरा कुठे डोकावतो ते लगेच कळते. प्रत्यक्ष क्विल्टवर मात्र दोन्हीकडे एकच रंग ठेवावा, कारण मग टेन्शनमधला सूक्ष्म फरक डोळ्यांना जाणवत नाही.

प्रतिसाद ४

माझी अडचण याच्याही आधीची आहे. तीन थर एकत्र टाचण्याच्या पायरीवरच माझे काम अडते. माझे गुडघे दुखत असल्यामुळे जमिनीवर बसून क्विल्ट पसरता येत नाही, आणि टेबलावर टाचलेल्या क्विल्टच्या अस्तराला प्रत्येक वेळी कुठे ना कुठे चुणी येतेच. सेफ्टी पिना, कच्चे टाके आणि चिकटवण्याचा स्प्रे यांपैकी कोणती पद्धत निवडावी, याचेही मार्गदर्शन हवे आहे.

प्रतिसाद ५

जमिनीवर बसण्याची मुळीच आवश्यकता नाही. अस्तर इस्त्री करून उलट बाजू वर येईल असे टेबलावर पसरा आणि टेबलाच्या कडांना कागदी गठ्ठ्यांसाठी वापरतात त्या मोठ्या क्लिपांनी पकडा. अस्तर सपाट आणि तणावलेले असावे, परंतु ओढून ताणलेले नसावे. हा भेद महत्त्वाचा आहे. ओढून ताणलेले कापड क्लिपा काढल्यावर मूळ आकाराला परत येते आणि वरचे दोन थर जिथल्या तिथे राहतात, त्यामुळे चुणी तेव्हाच तयार होते. ती नजरेस मात्र शिलाईनंतर पडते. तुमच्या अस्तराच्या चुण्यांचे कारण बहुधा हेच असावे. अस्तरावर बॅटिंग आणि बॅटिंगवर टॉप ठेवताना प्रत्येक थर मध्यापासून बाहेर हाताने सपाट करत जा. क्विल्ट टेबलाहून मोठा असेल, तर मधला भाग आधी टाचून घ्या, मग क्लिपा काढून सगळे पुढे सरकवा आणि पुढचा भाग पुन्हा तसाच पकडा. अस्तर आणि बॅटिंग टॉपपेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन इंच मोठे ठेवा.

पिना लावायच्या असतील, तर किंचित वाकलेल्या सेफ्टी पिना घ्या आणि तळहात कुठेही ठेवला तरी त्याखाली एखादी पिन यावी इतक्या जवळ लावा. वॉकिंग फुटासाठी पिना चांगल्या, परंतु फ्री मोशनमध्ये त्या काढण्यासाठी सतत थांबावे लागते आणि प्रत्येक थांब्याला लय तुटते. स्प्रेने ती अडचण दूर होते. तो वापरताना खिडक्या उघड्या ठेवा, हलका थर द्या आणि मशीनपासून दूर फवारा. उभ्या-आडव्या लांब कच्च्या टाक्यांची जुनी पद्धत सर्वांत संथ आहे, तरीही नाजूक किंवा निसरड्या कापडासाठी मी अजूनही तीच वापरते.

प्रतिसाद ६

कच्च्या टाक्यांबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. मशीनवर काम करताना डार्निंग फुटाची कड त्या लांब टाक्यांत अडकते आणि नंतर ते टाके मशीनच्या शिलाईखालून ओढून काढणे कष्टाचे होते. निसरड्या कापडासाठीही मी जवळजवळ लावलेल्या पिना पसंत करीन.

प्रतिसाद ७

बॅटिंगचा विषय अजून आला नाही, म्हणून लिहीत आहे. शिकताना फार फुगीर पॉलिएस्टर बॅटिंग घेऊ नये; ती फुटाखाली सतत सरकते आणि जाडीमुळे टॉप पुढे ढकलला जातो. सुती बॅटिंग, किंवा ८० टक्के सुती आणि २० टक्के पॉलिएस्टर असे मिश्रण, सपाट बसते आणि कापडाला धरून राहते. प्रत्येक बॅटिंगच्या वेष्टनावर दोन ओळींमधले कमाल अंतर छापलेले असते. काहींना आठ ते दहा इंच अंतर चालते, तर ज्या सुती बॅटिंगमध्ये तंतूंना धरणारे काही नसते तिला दोन-तीन इंचांवर शिलाई लागते, अन्यथा धुण्यात तिचे गोळे होतात. नक्षी निवडण्याआधी हा आकडा वाचावा. सुती बॅटिंग पहिल्या धुण्यात साधारण तीन ते पाच टक्के आटते, आणि त्यामुळे क्विल्टला जी मऊ सुरकुती येते ती अनेकांना आवडते. ज्यांना ती नको असेल त्यांनी वेष्टनावर परवानगी असल्यास बॅटिंग आधी भिजवून वाळवून घ्यावी.

प्रतिसाद ८

माझ्याकडे पायाने चालवायचे जुने काळे मशीन आहे. त्यात दाते खाली घेण्याची सोय नाही. अशा मशीनवर फ्री मोशन शिकता येईल का, की नवे मशीन घेईपर्यंत थांबावे?

प्रतिसाद ९ (धागालेखिका)

थांबू नका. दाते खाली जात नसतील, तर ते झाकणारी पातळ पट्टी बसवता येते. तीही नसेल, तर टाक्याची लांबी शून्यावर ठेवा. दाते वर-खाली होत राहतील, पण कापड पुढे नेणार नाहीत. डार्निंग फूट तुमच्या मशीनच्या दांड्याच्या उंचीला जुळणारे आहे ना, एवढे मात्र तपासून घ्या. पायाने चालणाऱ्या मशीनवर वेग तुमच्याच पायांच्या लयीतून येतो, त्यामुळे पाय आणि हात यांचा मेळ तुम्हाला इतरांपेक्षा लवकर जमण्याची शक्यता आहे. फक्त सुरुवातीला मशीन उलटे फिरणार नाही याची काळजी घ्या, कारण उलटे फिरताच दोरा गुंततो.

प्रतिसाद १०

मोठा क्विल्ट घरगुती मशीनच्या भुजेखाली कसा मावायचा, हा माझा प्रश्न आहे. माझ्या मशीनच्या सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत जेमतेम सात इंच जागा आहे.

प्रतिसाद ११

सात इंचांत मोठा क्विल्ट होतो, परंतु तो गुंडाळून नीटनेटका ठेवण्याचा आग्रह सोडावा लागतो. घट्ट गुंडाळी भुजेखाली ताठ होऊन बसते आणि हाताला वळू देत नाही. त्याऐवजी क्विल्ट सैलसर चुरगळून सुईभोवती ढिगासारखा ठेवा आणि फक्त दोन हातांमधला भाग सपाट असू द्या. एका वेळी तेवढ्याच भागावर काम करायचे, मग सुई कापडात खाली ठेवून थांबायचे, हातांची जागा बदलायची आणि पुढचा भाग सपाट करायचा. थांबताना सुई खाली असणे अत्यावश्यक आहे, नाहीतर रेघेत उडी दिसते.

याहून महत्त्वाचे आहे ते क्विल्टचे वजन. टेबलाच्या कडेवरून खाली लोंबणारा भाग हाताच्या विरुद्ध ओढत राहतो. तुम्ही पुढे ढकलता तेव्हा टाके आखूड होतात आणि अचानक सुटतो तेव्हा लांब. अनेकांना वाटते की आपला हात अस्थिर आहे, पण दोष लोंबत्या वजनाचा असतो. मशीनच्या डावीकडे आणि मागे त्याच उंचीचा आधार द्या, मग तो दुसऱ्या टेबलाचा असो की इस्त्रीच्या फळीचा. खुर्चीची उंची अशी असावी की हातांची कोपरे साधारण काटकोनात राहतील आणि खांदे उचलले जाणार नाहीत. बोटांना रबराची पकड असलेले हातमोजे वापरले, तर कापड दाबून धरावे लागत नाही; हलक्या स्पर्शाने ते सरकते आणि खांद्यांवरचा ताण लक्षणीय कमी होतो.

अगदीच जमत नसेल, तर क्विल्टचे भाग वेगवेगळे क्विल्ट करून नंतर जोडण्याची पद्धत आहे. त्यात मागच्या जोडाची आखणी आधी करावी लागते, पण लहान मशीनवर मोठे काम करण्याचा तो प्रामाणिक मार्ग आहे.

प्रतिसाद १२

थोडा वेगळा प्रश्न विचारते. मी अनेक वर्षे हाताने क्विल्टिंग करत आले आहे. मशीनवर शिकायची इच्छा आहे, परंतु मशीनची शिलाई ही हाताच्या कामाची सोपी नक्कल आहे, असे मला अनेकदा ऐकवले जाते. समूहातील जाणकारांना याबद्दल काय वाटते?

प्रतिसाद १३ (धागालेखिका)

हा आक्षेप जुना आहे आणि त्याचे उत्तरही आता जुने झाले आहे. लॉकस्टिच शिवणाऱ्या मशीनचे पेटंट अमेरिकेत एलियास होवे यांनी १८४६ मध्ये घेतले, आयझॅक सिंगर यांचे पेटंट १८५१ चे आहे, आणि त्यानंतर थोड्याच दशकांत मशीनने क्विल्ट केलेले क्विल्ट तयार होऊ लागले. म्हणजे ज्या घरांत मशीन आले, त्या घरांतील स्त्रियांनी ते क्विल्टसाठीही वापरले. प्रदर्शनांमध्ये मात्र हाताच्या कामालाच दीर्घकाळ श्रेष्ठ मानले गेले. केंटकी राज्यातील पदुका येथे भरणाऱ्या अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात १९८९ मध्ये कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या क्विल्टला सर्वोत्कृष्ट ठरवण्यात आले. मशीनने क्विल्ट केलेल्या कामाला तेथे तो मान प्रथमच मिळाला आणि त्यावर मोठा वाद झाला. आज मोठ्या प्रदर्शनांतील विजेत्या क्विल्टांमध्ये मशीनचे काम सर्रास दिसते.

पण मान्यतेपेक्षा मला कामातला फरक अधिक महत्त्वाचा वाटतो. हाताचा धावदोरा टाका आणि मोकळी जागा असा आळीपाळीने जातो, म्हणून रेघ मऊ दिसते आणि कापड लवचीक राहते. मशीनची रेघ अखंड असते. ती कापडाला अधिक दाबते, सावली अधिक खोल पाडते आणि अतिशय दाट पोत शक्य करते. हाताची नक्षी जशीच्या तशी मशीनवर घेतली, तर ती अनेकदा कडक आणि कोरडी वाटते. तुमच्याकडे हाताच्या कामाने घडवलेली नजर आहे. ती जपा आणि मशीनच्या अखंड रेघेला शोभेल अशी नक्षी निवडा. तुम्हाला दोन्ही येणार, ही माझ्या दृष्टीने आनंदाची गोष्ट आहे.

प्रतिसाद १४

वरील प्रतिसादातील अखंड रेघेच्या मुद्द्याला धरून लिहितो. फ्री मोशनची नक्षी अशी हवी की दोरा न तोडता ती पुढे पुढे जाऊ शकेल. नागमोडी मिअँडर ही पहिली नक्षी मानली जाते, कारण तिला आखणी लागत नाही. पण रेघा एकमेकींना छेदणार नाहीत आणि कोपऱ्यात कोंडी होणार नाही हे सांभाळणे नवशिक्याला कठीण जाते. मी सुरुवातीला सलग फासे काढायला सांगतो. फाशात रेघ स्वतःलाच छेदते, त्यामुळे दिशा कधीही बदलता येते आणि चूक दिसत नाही. कोणतीही नक्षी आधी कागदावर, पेन न उचलता, पानेच्या पाने भरून काढावी. मेंदूला पुढचे वळण ठाऊक असले की हात थबकत नाही. शिवताना नजर सुईवर न ठेवता, जिथे जायचे आहे त्या जागेवर ठेवावी.

आणखी एक गोष्ट सांगतो. दाटपणा संपूर्ण क्विल्टवर सारखा ठेवावा. मध्यभागी फार दाट आणि कडेला विरळ शिलाई झाली, तर मधला भाग आकसतो आणि कडा लाटांसारख्या होतात. मग गोट कितीही काळजीपूर्वक लावला तरी क्विल्ट भिंतीवर सरळ लटकत नाही.

प्रतिसाद १५

नक्षी आखण्यासाठी कोणते पेन सुरक्षित आहे? उष्णतेने पुसले जाणारे पेन मला सोयीचे वाटते.

प्रतिसाद १६

ते पेन जपून वापरा. इस्त्रीने खूण नाहीशी होते, पण कडाक्याच्या थंडीत ती पुन्हा उमटू शकते आणि काही रंगांवर फिकट डागही राहतो. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनची खूण गार पाण्याने पूर्ण धुऊन काढावी आणि त्याआधी त्यावर इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने ती पक्की बसू शकते. साधा खडू किंवा ओळ दाबून उमटवणारे बोथट साधन हे मला सर्वांत निर्धोक वाटते. कोणतेही पेन टॉपच्या उरलेल्या तुकड्यावर आधी वापरून, धुऊन पाहावे.

प्रतिसाद १७

काही नव्या मशीनला स्टिच रेग्युलेटर असतो. तो कापडाची गती ओळखून मोटारचा वेग आपोआप जुळवतो. मग हाताचा आणि पायाचा मेळ शिकण्यात वेळ का घालवावा, असा प्रश्न मला पडतो.

प्रतिसाद १८ (धागालेखिका)

रेग्युलेटर उपयुक्त आहे आणि ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी तो जरूर वापरावा. टाक्यांच्या लांबीची चिंता कमी झाली की नक्षीकडे लक्ष देता येते. मात्र त्यालाही मर्यादा आहेत. हात झटक्याने फिरला, तर मोटारला जुळवून घेण्यास क्षणभर उशीर होतो, आणि टोकदार कोपऱ्यांवर तो उशीर दिसतो. झटके न देता सरकणारा हात त्यालाही लागतोच, म्हणून मी तो नसल्यासारखा सराव आधी करायला सांगेन. चौकटीवर चालणाऱ्या मोठ्या लाँगआर्म मशीनवरही, जिथे क्विल्ट स्थिर असतो आणि मशीनच फिरवले जाते, अनुभवी लोक काही नक्षींसाठी रेग्युलेटर बंद ठेवतात.

या निमित्ताने समूहासाठी एक सूचना करते. दर आठवड्याला आपण एक वीतभर नमुना शिवून येथे दाखवू या, आणि प्रत्येकाने दुसऱ्या एका सदस्याच्या नमुन्याची फक्त मागची बाजू पाहून आपले निरीक्षण लिहावे. नमुन्याच्या कोपऱ्यात सुईचा क्रमांक, दोरा, बॅटिंग आणि टेन्शनचा आकडा न पुसल्या जाणाऱ्या पेनने लिहून ठेवावा. असे नमुने जपून ठेवले, तर काही काळाने तुमच्या स्वतःच्या मशीनची माहिती तुमच्याकडे तयार होते आणि ती कोणत्याही पुस्तिकेपेक्षा अधिक विश्वसनीय असते.

प्रतिसाद १९

ही कल्पना फार आवडली. मी प्रतिसाद १ मधली सदस्य. सुई बदलली, टेन्शन पूर्ववत केले आणि वळणावर हात हळू ठेवण्याचा सराव केला. वळणांवरचे फासे जवळजवळ गेले आहेत. दोन्ही बाजूंचे फोटो सोबत जोडले आहेत. आता रेघेची सुरुवात आणि शेवट तेवढे खटकतात, कारण मागे दोऱ्याची टोके गोळा होतात. उलट टाका घालून पक्के केले तर वर जाड ठिपका दिसतो.

प्रतिसाद २०

मागची बाजू खरोखर स्वच्छ झाली आहे, अभिनंदन. उजवीकडच्या मोठ्या फाशात टाके अजून किंचित लांब आहेत, तेवढे पाहा.

सुरुवातीसाठी असे करा. फूट खाली करून वरच्या दोऱ्याचे टोक हातात धरा, एकच टाका घाला आणि टोक ओढून बॉबिनचा दोरा वर आणा. दोन्ही टोके हलकेच धरून पाव इंचात अगदी बारीक टाके घाला आणि मग नेहमीच्या लांबीवर या. शेवटही तसाच करा. प्रदर्शनासाठीच्या कामात टोके लांब ठेवून त्यांची लहान गाठ मारावी, ती सुईने बॅटिंगमध्ये ओढून घ्यावी आणि इंचभर पुढे काढून कापावी. बाजूने दोरा अडकवता येणारी सुई मिळते, तिच्यामुळे हे काम बरेच हलके होते. रोजच्या वापराच्या क्विल्टसाठी बारीक टाके पुरेसे आहेत.

प्रतिसाद २१

माझा क्विल्टिंगचा भाग पूर्ण होत आला आहे. टॉप मी अगदी मापात शिवला होता, पण आता मोजले तर दोन्ही बाजूंनी कमी भरतो आहे आणि एक कोपरा काटकोनात नाही. गोटाच्या पट्ट्या मी मूळ मापाने आधीच कापून ठेवल्या आहेत. त्या चालतील का?

प्रतिसाद २२ (धागालेखिका)

माप कमी होणे स्वाभाविक आहे. प्रत्येक ओळ बॅटिंगच्या जाडीत थोडे कापड घेते आणि शिलाई जितकी दाट तितके हे आकसणे जास्त. गोट लावण्याआधी क्विल्ट सपाट पसरून एक रात्र तसाच ठेवा. मग मोठी पट्टी आणि काटकोन वापरून, आतल्या एखाद्या सरळ शिवणीला आधार मानून, चारही कडा कापून सरळ करा. समोरासमोरच्या बाजू मोजून त्या सारख्या आहेत याची खात्री करा आणि गोटाचे माप कापलेल्या क्विल्टवरून, कडेवरून न घेता मध्यावरून घ्या, कारण कडा हाताळताना ताणल्या गेलेल्या असतात. तुमच्या पट्ट्या लांब भरत असतील तर अडचण नाही, जास्तीचा भाग कापता येईल. चारही कडांना पाव इंचापेक्षा कमी अंतरावर वॉकिंग फुटाने एक ओळ शिवून घ्या, म्हणजे गोट लावताना तिन्ही थर सरकणार नाहीत.